कडेची मोहरी

कृष्णाकाठच्या काळ्या रानात मोहरीला कोणी अख्खा वाफा देत नाही. ऊस, हळद, सोयाबीन यांना रान. मोहरी आपली बांधाच्या कडेला, पाटाच्या काठाला, नाहीतर शाळवाच्या शेवटच्या तासाला. पेरायची रीतही तशीच साधी. चिमूटभर दाणे मूठभर राखेत कालवायचे आणि बोटांतून सोडत चालायचं. नुसते दाणे हातात घेतले तर एकाच जागी सांडतात आणि तिथं रोपांची झुंबड उगवते. फोडणीपुरती निघाली, लोणच्यात फेसून घालायला झाली, पोराबाळांवरून ओवाळून टाकायला मिठासोबत चार दाणे उरले, की मोहरीकडून कोणाची आणखी अपेक्षा नसते.

वाळवा तालुक्यातल्या एका घरी ही मोहरी थोरल्या सुनेबरोबर आली. तिचं माहेर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. तिकडं पाऊस बेताचा, रब्बीचा शाळू आणि हरभरा हाच आधार, आणि त्याच्या कडेनं मोहरी, करडई, जवस. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून परतताना तिनं फडक्यात बांधून जे बी आणलं, त्याचाच वंश पुढं चालला. शेंगा पिवळ्या पडल्या की पहाटेच्या गारव्यात झाडं कापायची, कारण ऊन चढल्यावर शेंग हात लागताच तडकते आणि दाणे मातीत जातात. जुन्या चादरीवर वाळवून काठीनं झोडपायची, सुपानं पाखडायची, आणि पुढच्या सालाचं बी राखेत घालून गाडग्यात ठेवायचं. घरात थोरल्या सुनेला सगळे आक्का म्हणत.

या घराची माहिती द्यायची तर आबांपासून सुरुवात करायला हवी. आबा म्हणजे आक्काचे सासरे. जन्म 1947 चा. ते म्हणत, "जन्म सातारा जिल्ह्यात, शाळा दक्षिण साताऱ्यात, लगीन सांगली जिल्ह्यात, आन् मी या उंबऱ्यातनं कुटं हाललो न्हाय." ते खरंच होतं. 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. आबांच्या बोलण्यात त्यांची आई पुन्हा पुन्हा यायची. 1943 पासून या मुलखात प्रतिसरकार उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटील तर याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. भूमिगत कार्यकर्ते रानोमाळ लपून असत आणि गावच्या बायका अंधारात त्यांना भाकरी पोचवत. आबांची आई त्यांपैकी एक. "घरात पोरं उपाशी निजायची, पर रानात भाकरी पोचायची," हे सांगताना आबांचा गळा दाटून यायचा. ऐकणाऱ्यांचाही यायचा. आक्का त्या वेळी बहुधा चुलीपुढं असे आणि तिलाही ही गोष्ट आवडायची.

आत्ती, म्हणजे सासूबाई, दोन वर्षांपासून अंथरुणात. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण पाय पुन्हा जमिनीला लागले नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, चादर कोरडी ठेवा, नाहीतर पाठीला आणि टाचांना जखमा होतील. हे काम आक्काकडं. थोरल्याच्या उसाला शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी मध्यरात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला एक वाजता चहा लागायचा. धाकट्याची नोकरी कराडला, त्याचा डबा सातच्या आत. आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, लेकीची शाळा, दोन म्हशी. आणि कामापेक्षा जड असं एक काम आक्का करत होती, त्याला नाव नव्हतं. आबांचा चहा गार झाला की शब्द आक्काला. कारखान्याचं बिल लांबलं की थोरल्याची आदळआपट आक्कापुढं. धाकट्याची गाडी चुकली की दोष डब्याला. आत्तींना वेदना असह्य झाल्या की शिव्याशाप आक्काला. ती कोणाला उलटून बोलायची नाही आणि ऐकलेलं पुढं सांगायचीही नाही. राग तिच्यापाशी येऊन थांबायचा. त्यामुळं बापलेकांत, भावाभावांत कधी भांडण नव्हतं. भावकीत म्हणत, असं घर शोधून सापडणार नाही.

धाकटी सून त्या वर्षी मे महिन्यात आली. सातारा शहरातली, शेतकी पदवी घेतलेली. तालुक्याच्या गावी एका रोपवाटिकेत तिला नोकरी लागली आणि येताना ती रोज काहीतरी रोप घेऊन यायची. परसात न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू होतं, शेवगा होता, कढीपत्ता होता. उरलेली जागा मोकळी. धाकटीनं ठरवलं, या थंडीत कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल घरचे खायचे, औषध न मारलेले.

"कोबीला आळ्या लई पडतात गं," आक्का म्हणाली. "मागं मी दोनदा लावला. गड्डा धराय लागला की चाळण."

"त्याला उपाय तुमच्या गाडग्यात आहे आक्का," धाकटी म्हणाली, आणि तिनं सांगितलं ते आक्कानं कान देऊन ऐकलं.

कोबीवर पडते ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. पतंग बोटाच्या पेरापेक्षा लहान, राखाडी. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोन एकापुढं एक दिसतात. औषधांना हा लवकर सरावतो, फवारण्या वाढवून काही उपयोग होत नाही. पण त्याची एक खोड आहे. मोहरीच्या पाल्याला जो तिखट, झोंबणारा गुण आहे, त्याच्या वासावर तो येतो, आणि कोबी व मोहरी शेजारी असतील तर अंडी घालायला मोहरी निवडतो. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं यावरून शेतकऱ्यांसाठी पद्धत बसवली: कोबीच्या 25 ओळींमागं मोहरीच्या 2 ओळी; पहिली कोबी लावण्याआधी 15 दिवस, दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे कोबी रानात असेपर्यंत कोवळी मोहरी कायम शेजारी राहते. याला सापळा पीक म्हणतात. मोहरीवर येणारा मावाही मग बराचसा तिथंच अडकतो.

"म्हंजे मार मोहरीनं खायचा," आक्का म्हणाली.

"हो, आणि कोबी वाचतो."

आक्का हसली. "मग लाव. मोहरीला सवय असती."

या घरातली लेक सहावीत, रयतच्या शाळेत शिकत होती. 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. त्या दिवशी सरांनी वर्गात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 साली ती साताऱ्यात आली. सर्व जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला. पैसा नव्हता. कर्मवीर धान्य आणि देणग्या मिळवायला गावोगाव हिंडायचे आणि मागं मुलांचं जेवणखाण, आजारपण लक्ष्मीबाई बघायच्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1930 साली त्या गेल्या.

वर्गात सगळे गप्प होते. या पोरीनं हात वर केला. "सर, त्या सगळ्या पोरांचं बघायच्या. त्यांच्याकडं कोण बघायचं?"

सर जरा वेळ थांबले. मग म्हणाले, "हा प्रश्न घरी विचार."

तिनं घरी विचारला. आक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "देव बघतो."

दसऱ्याच्या आधी आक्का आणि धाकटीनं मिळून दोन वाफ्यांच्या कडेनं मोहरी टाकली. चौथ्या-पाचव्या दिवशी मातीतून दोन-दोन पानं वर आली. पंधरा दिवसांनी कोबीची आणि फ्लॉवरची रोपं लागली. मोहरी दाट झाली होती ती विरळून, उपटलेल्या पाल्याची लसूण घालून भाजी झाली. आबांनी दोनदा मागून घेतली. नोव्हेंबरच्या शेवटी दुसरी ओळ पडली. त्या सुमारास पहिली ओळ कमरेइतकी वाढून फुलावर आली होती आणि मधमाश्या सकाळपासून तिच्यावर असत. कोबीची पानं निळसर, स्वच्छ, एक भोक नाही. शेजारणी कुंपणापाशी उभ्या राहून बघून जायच्या. थोरला मित्रांना घेऊन यायचा. धाकटीचं कौतुक झालं, आणि तिचा तो हक्कच होता. मोहरीकडं मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच, पानं जाळीदार होऊ लागली होती.

सापळा पिकाची निम्मीच गोष्ट लोकांना माहीत असते, असं मला वाटतं. धाकटी ती पुरी शिकली होती, पण रोपवाटिकेतला थंडीचा हंगाम म्हणजे मान वर करायला फुरसत नाही. ती सकाळी अंधारात निघायची आणि अंधारातच परतायची. घरी आल्यावर कंदील-बॅटरी घेऊन कोबी बघायची. कोबी ठीक होता.

डिसेंबरच्या मध्यावर आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं ढगाळ, दमट. द्राक्षबागवाल्यांची झोप उडते तसली हवा. त्याच आठवड्यात थोरल्याची रात्रपाळीची लाईट होती, धाकट्याच्या कार्यालयात हिशेबाची घाई होती आणि आत्तींच्या पायाला कळा लागल्या होत्या. गुरुवारी सकाळी आक्का म्हशीची धार काढून उठली आणि दारातच कोसळली.

कराडला नेलं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बाराच्या वर हवं, ते सात भरलं. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी विचारलं, "जेवता कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"आणि उरलं नाही तर?"

आक्कानं नुसतं हसून पदर सावरला. डॉक्टरांनी ते उत्तर धरलं नाही. त्यांनी थोरल्याकडं बघून पुन्हा तोच प्रश्न विचारला. थोरल्याला सांगता येईना. पंधरा वर्षांच्या संसारात आपली बायको किती वाजता जेवते हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, पुढं गोळ्या आणि महिनाभर जड काम नाही.

तसले दोन दिवस त्या घरानं कधी पाहिले नव्हते. आत्तींची कूस रात्रीपासून दुपारपर्यंत कोणी बदलली नाही. धाकटीनं चादर ओढून पाहिली तर ओली, आणि माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा, बोट दाबून उचललं तरी न फिका होणारा. आबांची सकाळची गोळी चुकली. म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडेना. आबा थोरल्यावर ओरडले. थोरला धाकट्याला म्हणाला, तू सात वाजता डबा घेऊन सुटतोस, तुला काय कळतंय. धाकटा म्हणाला, माझ्या पगारावर मोटारीचं बिल भरलंस ते विसरलास. आत खोलीतून आत्ती दोघांना बोलू लागल्या. पोर डब्याविना शाळेत गेली. त्या घरातून मोठे आवाज ऐकू आले म्हणून शेजारची म्हातारी भिंतीपाशी येऊन उभी राहिली. इतकं ते नवीन होतं.

शनिवारी धाकटीनं रजा टाकली. संध्याकाळी भाजीला गड्डा काढावा म्हणून ती पोरीला घेऊन परसात गेली आणि कोबीच्या कडेलाच थबकली. बाहेरच्या पानांवर उजेड आरपार दिसेल असे ठिपके पडले होते. तिनं पान उलटलं. खाली पोपटी, नखाच्या रुंदीएवढी अळी. काडी लावताच ती वळवळत मागं सरकली आणि तोंडातल्या तंतूला लोंबकळू लागली. आतल्या कोवळ्या पानाच्या बेचक्यात हिरवट-राखाडी मावा बसला होता. चार-पाचच, पण त्यांतल्या दोघांना पंख.

मग तिनं मोहरीकडं पाहिलं. शेंड्याचा देठ दिसत नव्हता. फुलाच्या कळ्यांपासून खाली वीतभर मावाच मावा, एकाला एक चिकटलेला. खालच्या पानांवर चिकटा पडून त्यावर काळी काजळी चढली होती. मुंगळ्यांची रांग वर-खाली चालली होती. शेंगा वाकड्या, पोकळ. निम्मी झाडं आडवी व्हायला आली होती.

"काकी, मोहरी खायची सोडून हे कोबीवर कशाला आले?" पोरीनं विचारलं.

धाकटी तिथंच बांधावर बसली. "आले, कारण मोहरीवर जागा राहिली नाही. माव्याची मादी अंडी घालत बसत नाही, पिलंच देते, तीही नराशिवाय. आठवड्याभरात त्या पिलांना पिलं. झाड सोसतंय तोवर सगळे तिथंच. एका झाडावर फार गर्दी झाली, झाडातला रस सुकायला लागला, की मग जन्माला येणाऱ्यांना पंख फुटतात. आणि ते उडून शेजारी जातात." ती जरा थांबली. "पुस्तकात दोन वाक्यं होती बघ. एक, कडेनं मोहरी लावा. दुसरं, मोहरी रोज बघा, तिच्यावरची कीड तिथल्या तिथं मारा, फवारा मोहरीवर मारा. परीक्षेत मी दोन्ही लिहिली होती. इथं एकच केलं."

पोर काहीतरी विचारात पडली होती. "म्हंजे मोहरीवर कीड येऊ द्यायची, पर तिच्यावर ठेवायची न्हाय."

"हां."

त्या संध्याकाळी दोघींनी काम उरकलं. बादलीत साबणाचं पाणी केलं. माव्यानं भरलेले शेंडे कात्रीनं कापून थेट बादलीत बुडवले. पानांमागच्या अळ्या वेचल्या. जी झाडं हाताबाहेर गेली होती ती मुळासकट उपटून खड्ड्यात पुरली. एका पानावर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या, खरबरीत अळ्या मावा खात होत्या. ते पान धाकटीनं जपलं, तसंच काढून मधल्या झाडावर ठेवलं. आक्काच्या माहेराहून आलेल्या निंबोळ्या माळ्यावर होत्या. त्या कुटून लिटरला 50 ग्रॅम या मापानं रात्रभर भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी गाळून, ऊन उतरल्यावर, मधमाश्या परतल्यावर मोहरीवर आणि हातासरशी कोबीवर फवारणी. इतकं केल्यावर उरलेल्या मोहरीनं आठवड्याभरात बाजूनं नवे फुटवे काढले. दुसरी ओळ तर कोवळीच होती, ती वाचली.

आक्का शनिवारी रात्री घरी आली. तिला आतल्या खोलीत निजवलं आणि बाकीचे जेवायला बसले. धाकटीनं पहिलं ताट वाढून आत नेलं, मग पंगतीला वाढलं. कोणी बोलत नव्हतं. पोरीनंच तोंड उघडलं. परसात काय झालं ते तिनं सगळं सांगितलं, मावा, पंख, बादली, ढालकिडे, आणि मग एकदम म्हणाली, "आबा, तुमची आई भाकरी घेऊन रानात जायची, तवा तिला कोण वाढायचं?"

आबांचा घास हातात राहिला.

"शाळेत मी लक्ष्मीबाईंचं इचारलं, तर सर म्हणले घरी इचार. आईला इचारलं तर म्हणली, देव बघतो."

थोरला ताटाकडं बघत बसला. आबांनी बऱ्याच वेळानं घास खाली ठेवला. ते म्हणाले, "माझी आई चाळिशीत गेली. कशानं गेली ते कुणी इचारलं न्हाय. तापानं गेली म्हणायचं." आणि ते न जेवता उठले नाहीत, ताट पुसून जेवले, आपलं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्या घरात पुरुषानं ताट उचललेलं पोरीनं प्रथम पाहिलं.

रविवारी पहाटे धाकटी आत्तींच्या खोलीत गेली तर आबा खाटेपाशी उभे.

"कूस कशी बदलत्यात, दाव," ते म्हणाले.

"आबा, मी करते."

"तू उद्या कामाला जाणार. दाव."

धाकटीनं दाखवलं. चादर चार पदरी घडी करून पाठीखाली, खांद्यापासून मांडीपर्यंत, आधीच घालून ठेवायची. अंगाला धरून ओढायचं नाही, कातडी सोलते. घडीची दोन टोकं धरून चादरीसकट वळवायचं. वळवल्यावर पाठीमागं उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच गादीला टेकू द्यायची नाही. मग चट्टा बघायचा, ओलं असेल तर टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. आत्तींनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. "आवं, तुम्ही कशाला," त्या पुटपुटल्या. साठीला पोचत आलेल्या संसारात नवऱ्यानं त्यांची अशी सेवा कधी केली नव्हती आणि त्यांना ते लाजिरवाणं वाटत होतं.

"गप पड," आबा म्हणाले. त्यांचे हात थरथरत होते. पहिल्यांदा उशी चुकीच्या जागी गेली, आत्ती कळवळल्या. दुसऱ्यांदा बरोबर बसली. आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि पोरीच्या वहीचं एक पान मागून त्यावर वेळ लिहिली: सहा वाजून दहा. त्याखाली आठ, दहा, बारा असे आकडे मांडले आणि प्रत्येकापुढं नाव घातलं. रात्रीच्या दोनपुढं थोरल्याचं, कारण मोटार चालू करायला तो तसाही जागाच असतो. पहाटे चारपुढं धाकट्याचं. आक्काचं नाव त्या पानावर नव्हतं. महिन्यानंतरही ते एका ठिकाणीच आलं.

सगळं एका रात्रीत बदललं असं नाही. धाकटा पहिल्या आठवड्यात दोनदा झोपून राहिला आणि आबांनी त्याला काठीनं ढोसून उठवलं. थोरल्याला राग आला की तो सवयीनं आक्काच्या खोलीकडं वळायचा आणि दारातून परत फिरायचा. आत्तींच्या शिव्या आता ज्याची पाळी त्याला मिळायच्या, आणि त्या ऐकल्यावर प्रत्येकाला कळलं की त्या किती लागतात. पण आक्काचं ताट पहिलं वाढलं जाऊ लागलं, आणि ती जेवली की नाही हे पोर रोज बघायची. आपल्याकडं सोसणाऱ्या बाईचं मोठेपण गाणारे फार आहेत. तिचं ताट बघणारं एखादं पोर घरात असेल, तर ते घर मला जास्त श्रीमंत वाटतं.

संक्रांत झाल्यावर आक्काचा भाऊ खटावहून न्यायला आला. ती तयार होईना.

"आत्तींचं कसं हुईल?"

"मी हाय की," आबा म्हणाले.

"आन् तुमचं?"

"माझं म्या बघीन. जा पोरी, आठ दिस राहून ये."

चौथ्या दिवशी आक्काचा फोन आला. धाकटीनं उचलला.

"आत्तींची सकाळची पाळी कुणी केली?"

"आबांनीच. चट्टा गेला पूर्ण. मी काल रात्री बॅटरीनं बघितला."

"मोहरी?"

"दुसऱ्या ओळीला फुलं धरलीत. दोन झाडांवर मावा दिसला, पोरीनं शाळेत जायच्या आधीच शेंडे खुडून बादलीत टाकले. कोबीचे सहा गड्डे काढले, चार वाटले."

"आबांना चहा कोण करतंय दुपारचा?"

"स्वतःच करतात. आत्तींनाही देतात. परवा साखर जास्ती पडली होती, आत्ती म्हणाल्या चांगला झालाय."

पलीकडून आक्का खळखळून हसली. मागं कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"बरं, मग असं कर," ती म्हणाली, "त्यास्नी रविवारी घ्यायला पाठवू नगंस. पुढच्या रविवारी पाठव. इथं शाळू हुरड्याला आलाय, मी हुरडा खाऊनच येते."